पदकावरचा मिना उडाला: पुन्हा भट्टी की थंड भराव?

पदकावरच्या मिन्याचा, म्हणजे धातूवर भाजून चढवलेल्या रंगीत काचेच्या थराचा, टवका उडाला की प्रश्न पडतोच: नवा मिना भट्टीत भाजून घ्यावा, की न तापवता रेझिनने खळगा भरावा (थंड भराव)?

आधी धोका बघा. मिना वितळायला साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस लागतात. कथील-शिशाचा डाख (धातूचे भाग जोडणारा सांधा) मात्र १८३ अंशांच्या आसपासच सुटू लागतो. म्हणजे मागची पिन, कडी, मध्यावरचं चिन्ह, सगळं आधी उतरवावं लागतं. सोन्याचा मुलामाही बिघडतो. जुन्या तड्यांत मळ राहिला असेल तर भट्टीत बुडबुडे येतात आणि शेजारचा शाबूत मिनाही तडकतो. हे नुकसान भरून येत नाही.

थंड भरावात कोरडं रंगद्रव्य इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये घोटून सुईच्या टोकाने थेंबथेंब सोडतात. त्याआधी खळग्याला ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचा (५ ते १० टक्के) पातळ हात द्यायचाच; पुढेमागे भराव काढायचा झाला तर हाच थर ॲसिटोनने सुटतो. अल्ट्रासॉनिक (द्रवात ध्वनिकंपनांनी होणारी) सफाई मात्र नकोच, सैल टवके गळून जातात.

टिकाऊपणात भट्टी सरस. इपॉक्सी उजेडाने पिवळी पडते, घासली की चरे पडतात.

जुनं, ऐतिहासिक पदक असेल तर थंड भरावच. नव्या घडणीचं, डाख नसलेलं आणि नेहमी छातीवर लावायचं असेल तरच भट्टी.