‘प्लॅनेटेस’ की ‘स्कॅव्हेंजर्स रेन’? कोकणच्या पावसाळ्यात आधी काय बघाल

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लावणी उरकलेली, आणि दिवेलागणीच्या आधीच अंधारून आलेलं घर. एखादी सिरीज नीट लावून बघायला कोकणात याहून चांगले दिवस नाहीत. विज्ञानकथा आवडत असेल आणि ॲनिमेशन म्हणजे फक्त लहान मुलांसाठी असं मनात नसेल, तर मी दोन नावं पुढे ठेवीन. एक जपानची ‘प्लॅनेटेस’, दुसरी अमेरिकेची ‘स्कॅव्हेंजर्स रेन’. दोन्ही अवकाशातल्या, पण एकीत अवकाश ही नोकरीची जागा आहे आणि दुसरीत जिवंत रान.

‘प्लॅनेटेस’ २००३-०४ सालची. माकोतो युकिमुरा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) गोरो तानिगुची यांनी सनराइज स्टुडिओसाठी केलेले २६ भाग. काळ २०७५. नायक हाचिमाकी पृथ्वीभोवती फिरणारा कचरा गोळा करतो: जुन्या उपग्रहांचे तुकडे, रॉकेटचे अवशेष, सुटलेले स्क्रू. खालच्या कक्षेत या वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावतात, म्हणून एक स्क्रूसुद्धा प्रवासी यानाची खिडकी फोडू शकतो. सिरीजची सुरुवातच तशा अपघाताने होते. ही नुसती कल्पना नव्हे. नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच इशारा दिला होता की एका टकरीच्या तुकड्यांतून पुढच्या टकरी होत जातील. २००९ मध्ये इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह खरोखर आदळले. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात आकाशातून भलीमोठी धातूची रिंग पडली, ती चिनी रॉकेटची असावी असं अभ्यासकांनी सांगितलं. तेव्हा हा विषय आपल्या राज्याच्या जमिनीवर येऊन टेकलेला आहे.

पण मला ही सिरीज जवळची वाटते ती कचऱ्यामुळे नाही, घरांमुळे. हाचिमाकीचं घर जपानच्या समुद्रकाठी आहे. बाप नावाजलेला अंतराळवीर, वर्षानुवर्षं मोहिमांवर. आई घर सांभाळते आणि तो आला की फार प्रश्न विचारत नाही. ज्या घरातला माणूस शिपवर आहे, कॉन्ट्रॅक्ट संपलं की येतो आणि सामान पुरतं उघडायच्या आत पुढच्या बोलावण्याची वाट बघू लागतो, त्या रत्नागिरी-गुहागरकडच्या घराला हे समजावून सांगावं लागणार नाही. सिरीज त्या बापाला खलनायक करत नाही आणि थोरही करत नाही. तो जातो. मागच्यांना काय भोगावं लागतं ते ती शांतपणे दाखवते.

शिवाय तिला पैशाची जाण आहे. कचरा उचलणारा विभाग कंपनीत सगळ्यांत दुर्लक्षित, निम्म्या माणसांवर आणि निम्म्या बजेटवर चालणारा. अकराव्या भागात एका गरीब, युद्धग्रस्त देशातला माणूस आपल्या लोकांनी बनवलेला स्पेससूट तपासून घ्यायला येतो. अवकाशातली संपत्ती कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न त्या एका भागात जितका टोचतो तितका मी दुसऱ्या कुठल्याही अवकाशमालिकेत पाहिलेला नाही.

उणीव आहेच. सुरुवातीच्या भागांत ऑफिसातला विनोद पुष्कळ आहे आणि त्यातला काही आज शिळा वाटतो. तानाबे ही नवी मुलगी ‘प्रेम’ या विषयावर इतकं बोलते की मधेच कंटाळा येतो.

‘स्कॅव्हेंजर्स रेन’ २०२३ ची. जोसेफ बेनेट आणि चार्ल्स ह्युएटनर यांनी २०१६ मध्ये केलेल्या लघुपटातून ती वाढली. साधारण २५ मिनिटांचे १२ भाग, एकच सीझन. डीमीटर नावाच्या मालवाहू यानावर आपत्ती येते आणि वाचलेली माणसं व्हेस्टा ग्रहावर वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात. गोष्ट एवढीच. खरं पात्र तो ग्रह. तिथे प्रत्येक जीव दुसऱ्या कुणाच्या तरी जन्मात, भुकेत किंवा मरणात गुंतलेला आहे. अझी या बाईबरोबरच्या लेव्ही या यंत्रमानवाच्या आतही काहीतरी सजीव वाढू लागतं आणि त्याचं वागणं बदलतं.

कोकणातल्या डोळ्यांना हे सगळं अशक्य वाटत नाही, हा या सिरीजचा मोठा फायदा. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. पावसात सड्यावर फुलणारी नाजूक सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याला व्हेस्टावरची कल्पनाशक्ती अधिकच आवडेल, कारण ती अभ्यासातून आलेली आहे हे त्याला कळेल. चित्रांची स्वच्छ रेघ पाहून फ्रेंच चित्रकार मोबियसची आठवण होते.

मात्र ही सिरीज लहान मुलांबरोबर बघू नका. शरीरात शिरणारे, शरीर पोखरणारे जीव आहेत, रक्त आहे. वाचलेल्यांपैकी केमन आणि त्याच्या मनाचा ताबा घेणारा एक प्राणी यांचा धागा मोठ्यांनाही जड जातो.

आता व्यवहाराचं. ‘स्कॅव्हेंजर्स’ पाच तासांत संपते, ‘प्लॅनेटेस’ला दहा तास लागतात. लाइट आणि रेंज दोन्ही बेभरवशाच्या असतील तर जिथे डाउनलोडची सोय मिळेल तिथे आधीच उतरवून ठेवा. भाषेचंही पाहा: ‘प्लॅनेटेस’मध्ये संवाद भरपूर आहेत आणि इंग्रजी सबटायटल भराभर वाचावे लागतात. ‘स्कॅव्हेंजर्स’मध्ये मिनिटंच्या मिनिटं कोणी बोलत नाही, त्यामुळे इंग्रजीची फार सवय नसली तरी अडत नाही.

घरात नववी-दहावीचं पोर असेल आणि सगळे मिळून बघणार असाल, तर ‘प्लॅनेटेस’. रात्री एकटेच बघणार असाल आणि किळस वाटण्याची तयारी असेल, तर ‘स्कॅव्हेंजर्स’. यंदा एकच बघायला जमणार असेल तर मी ‘प्लॅनेटेस’च सांगेन. चित्रांत ‘स्कॅव्हेंजर्स’ सरस आहे, माणसांत नाही.

अनेकजण १९९८ ची जपानी अवकाशमालिका ‘काउबॉय बीबॉप’ सुचवतील. योको कानो यांच्या संगीतासाठी ती जरूर बघा, पण तिचा जीव विज्ञानात नाही. ‘पँथिऑन’ची गोष्ट वेगळी. २०२२ ला सुरू झालेली, केन लिऊ यांच्या कथांवरची ही १६ भागांची सिरीज माणसाचं मन संगणकात चढवण्याबद्दल आहे आणि तिच्यात मुंबईचा एक इंजिनियरही महत्त्वाचा आहे. ‘प्लॅनेटेस’ आणि ‘स्कॅव्हेंजर्स’ बघून झाल्या की ती घ्या.

‘प्लॅनेटेस’ लावलीत तर सातव्या भागाआधी सोडू नका. त्यात चंद्रावर जन्मलेली बारा वर्षांची उंचच उंच नोनो भेटते, जी पृथ्वीवर येऊच शकत नाही. तो भाग आवडला नाही, तर मग खुशाल बंद करा.