नॅशनल एससी-एसटी हब, पुणे : टेंडरसाठी एक नंबर, भांडवलाचं दुखणं मात्र तसंच

जय भीम मंडळी. भोसरीत आमचं स्टील फर्निचरचं छोटं युनिट आहे, कपाटं, रॅक, लॉकर असं सगळं बनवतो, प्रोप्रायटर मी आणि शॉप फ्लोअर बघतो माझा भाऊ. गेली काही वर्षं सरकारी ऑर्डरसाठी आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशासाठी आम्ही नॅशनल एससी-एसटी हबची मदत घेतोय आणि आपल्या बऱ्याच जणांना हे असं काही आहे हेच माहीत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मार्क द्यायचे तर टेंडरच्या मदतीला ५ पैकी साडेचार, भांडवलाच्या बाजूला अडीच, आणि हे अडीच हबमुळे कमी नाहीत, बँकांमुळे आहेत, ते पुढे येईलच.

हब म्हणजे केंद्राच्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची योजना, चालवते एनएसआयसी ही सरकारी कंपनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियान्यात सुरू झाली. आपल्याकडे पुणे, मुंबई आणि सिंधुदुर्गला ऑफिस आहे. योजना आली कशासाठी तर २०१२ चं सरकारी खरेदी धोरण आहे, त्यात केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला ठराविक वाटा छोट्या उद्योगांकडून घ्यायचा आहे, आधी तो २० टक्के होता, २०१९ पासून २५ टक्के झाला, त्यातले ४ टक्के एससी-एसटी मालकांच्या युनिटकडून आणि ३ टक्के महिलांच्या युनिटकडून. ऐकायला भारी वाटतं पण त्याच धोरणात असंही लिहिलंय की आपली माणसं टेंडरमध्ये उतरलीच नाहीत किंवा अटीत आणि रेटमध्ये बसली नाहीत तर ते ४ टक्के इतर छोट्या उद्योगांकडून भरून काढता येतात. म्हणजे आपण आलोच नाही तर कोणाचं काहीच अडत नाही. हे ४ टक्के वर्षानुवर्षं पूर्ण होत नाहीत त्यामागे हेही एक मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. पुण्यात मिलिंद कांबळे यांनी २००५ साली डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना काढली तेव्हापासून आपली माणसं नोकरी मागणारी नाही तर देणारी झाली पाहिजेत हे ऐकत आलोय, पण देणारा व्हायला आधी ऑर्डर पाहिजे ना.

आता मदत नक्की काय मिळते ते सांगते. पहिली गोष्ट कागदपत्रं. माझा जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार आणि उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी सासरच्या नावाने. लग्न झालेल्या बहुतेक बायकांचं हेच असतं आणि इथेच अनेकजणी गाडी सोडून देतात. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "ताई, मॅरेज सर्टिफिकेट लावा, नावात बदलाचं गॅझेट असेल तर तेही लावा, आणि उद्यममध्ये सोशल कॅटेगरी एससी दिसतेय का ते आधी बघा." आमच्या उद्यममध्ये ती जनरल पडली होती, कारण ज्या सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरला त्याने तो रकाना न विचारताच भरला होता. ही कॅटेगरी चुकीची असेल तर तुम्ही कितीही माल विका, तो त्या ४ टक्क्यांत धरलाच जात नाही. तसंच उद्यममध्ये तुमचा कोड मॅन्युफॅक्चरिंगचा पाहिजे, नुसता ट्रेडिंगचा असेल तर या खरेदी धोरणाचा फायदा मिळत नाही. आणि हो, उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवणंही फुकट आहे, "मॅडम रजिस्ट्रेशन करून देतो, १५ हजार लागतील" असे फोन येतील ते सरळ कट करा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, म्हणजे बिड, म्हणजे टेंडरची कागदपत्रं, वाचायला शिकवणं. जेमवरचं बिड डॉक्युमेंट उघडलं की पहिल्या पानांवर एक ओळ असते, अनुभवाची वर्षं आणि टर्नओव्हर यातून एमएसईला म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट आहे की नाही, येस किंवा नो. आम्ही आधी थेट क्वांटिटी आणि शीटची जाडी बघायचो, ०.८ एमएम आहे का ०.७ आहे, पावडर कोटिंग किती मायक्रॉन, आणि ही ओळ लक्षातच यायची नाही. तिथे येस असेल तर तीन वर्षांचा अनुभव नसला तरी तुम्ही उतरू शकता, नो असेल तर बिड बंद व्हायच्या आधी खरेदीदाराला लेखी विचारायचं. मग शेवटी खरेदीदाराच्या स्वतःच्या जादा अटी असतात, कधी त्या वेगळ्या पीडीएफमध्ये टाकलेल्या असतात, एका बिडमध्ये त्यात एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचा टेस्ट रिपोर्ट बिडसोबतच मागितला होता, तो आयत्या वेळी कुठून आणणार. साहेबांनी पेन घेऊन आमच्यासमोर एकेक अट वाचली आणि बाजूला लिहीत गेले, हे आहे, हे नाही, हे होईल. इतक्या निवांतपणे कोणी सरकारी ऑफिसात बसवून सांगतं यावर माझ्या भावाचा विश्वास बसत नव्हता.

रेटचं गणितही तिथेच कळलं. समजा ४०० कपाटं आहेत आणि एल-वन म्हणजे सगळ्यात कमी रेट एखाद्या मोठ्या कंपनीचा ९,००० रुपये आला, तुमचा रेट १०,३५० पर्यंत म्हणजे १५ टक्क्यांच्या आत असेल तर तुम्हाला ९,००० ला तयार आहात का असं विचारलं जातं आणि हो म्हटलं तर २५ टक्के म्हणजे १०० कपाटांपर्यंत ऑर्डर मिळू शकते. आता हो म्हणायच्या आधी सीआरसीए म्हणजे स्टीलच्या शीटचा आजचा भाव आणि डिलिव्हरीचं भाडं धरून बघा, कारण नागपूर किंवा त्याच्याही पुढची डिलिव्हरी असेल तर ९,००० ला घरातूनच पैसे घालावे लागतील. आणि दुसरं म्हणजे एल-वन स्वतःच एमएसई असेल तर ही सवलत लागू होत नाही, आणि आमच्या फर्निचरच्या धंद्यात एल-वन बहुतेक वेळा एमएसईच असतो. त्यामुळे आम्ही जी कामं मिळवली ती सवलतीवर नाही, रेटवर आणि वेळेत माल दिला यावर मिळवली, हे अभिमानाने सांगते.

तिसरं, परत मिळणारे पैसे. हे तर खूप जणांना माहीत नाही. बँकेच्या कर्जाची प्रोसेसिंग फी, बँक गॅरंटीचे चार्जेस, लॅबमधली टेस्टिंग फी, यांचे ८० टक्के किंवा १ लाख यातलं जे कमी असेल ते जीएसटी सोडून हबकडून परत मिळतं. पावत्या जपून ठेवा, फाईल केली आणि आम्हाला टेस्टिंगचे पैसे परत आले. नवीन मशीन घेणार असाल तर कर्जावर घेतलेल्या मशीनवर २५ टक्के सबसिडी आहे, जास्तीत जास्त २५ लाख.

आता भांडवल. इथे जीव थकतो खरं सांगू का. टेंडर भरताना ईएमडी म्हणजे बयाण्याची रक्कम माफ असते, पण ऑर्डर हातात आली की परफॉर्मन्स बँक गॅरंटी द्यावीच लागते, साधारण ऑर्डरच्या रकमेच्या ३ ते ५ टक्के, आणि आमच्यासारख्या नव्या युनिटकडून बँक त्या गॅरंटीसमोर तेवढीच एफडी मागते. चार्जेस हब परत देईल पण ती एफडी अडकून पडते ना, तेच पैसे शीट आणायला लागणार असतात. एका बँकेच्या मॅनेजरने तर सीजीटीएमएसईची गॅरंटी असताना, म्हणजे विनातारण कर्जाची सोय असताना, आम्हाला फ्लॅटची कागदपत्रं आणा म्हणून सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर विषय बदलला. असं सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही पण आपल्या माणसांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की मला ते आता अपवाद वाटत नाही. स्टँड-अप इंडिया एप्रिल २०१६ मध्ये आली होती, दर शाखेने किमान एका एससी किंवा एसटी आणि एका महिलेला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचं, मार्च २०२५ पर्यंत ती चालली, त्यात आपल्या राज्याने मार्जिन मनीची योजनाही दिली होती, १० टक्के तुमचे, १५ टक्के राज्याचे, बाकी बँकेचे. ती फार कामाची होती. २०२५ च्या बजेटमध्ये पहिल्यांदा उद्योगात येणाऱ्या महिला आणि एससी-एसटींसाठी २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी म्हणजे आमच्यासारख्या आधीपासून चालू असलेल्यांचं काय. आणि मुदत कर्ज मशीनला मिळतं, आम्हाला तडफड होते ती खेळत्या भांडवलाची, शीट रोखीने आणायची, पगार ७ तारखेला द्यायचा आणि पेमेंट येणार कधी तर समोरच्या ऑफिसने माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट पोर्टलवर टाकल्यावर. एका ऑफिसात आमची कपाटं वापरात होती, फायली भरलेल्या होत्या आणि सर्टिफिकेट मात्र निघेना, संबंधित बाई रजेवर.

याला दोन उपाय आहेत. ऑर्डर सरकारी कंपनीची असेल तर बिल ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर टाका, आरएक्सआयएल, एम-वन एक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट असे आहेत, तिथे बिलावर बँका बोली लावतात आणि पैसे लवकर हातात येतात, कर्ज आपल्या नावावर न चढता. पण समोरच्याने बिल मान्य केलं तरच. आणि ४५ दिवस उलटले तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, कायद्याने बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. ही तक्रार करायला लोक घाबरतात कारण पुढची ऑर्डर जाईल अशी भीती असते आणि ती भीती खोटी नाही, म्हणून मी आधी नम्र मेल टाकते, मग कलमाचा उल्लेख करून मेल टाकते, आजवर तेवढ्यावर भागलं.

जाताना उद्यम, जातीचा दाखला, पॅन, जीएसटी, बँक स्टेटमेंट आणि ज्या बिडमध्ये अडलाय त्याची प्रिंट न्या, नुसतं "काय योजना आहेत" विचारायला गेलात तर माहितीपत्रक मिळेल आणि परत याल, अडलेलं बिड घेऊन गेलात तर काम होईल. आणि मशीन घ्यायचं मनात असेल तर रोख देऊन बुक करायच्या आधी जा, कारण ती सबसिडी फक्त बँकेच्या कर्जावर घेतलेल्या मशीनला आहे, ओळखीतल्या एका दादांनी सोनंनाणं गहाण ठेवून मशीन रोखीत घेतली आणि २५ टक्के हातचे गेले.