दुसरीच्या वर्गात फिरते गट: जूनपासूनच्या वापरानंतर

वडोदऱ्यातल्या मराठी माध्यमाच्या दुसरीच्या वर्गात जूनपासून फिरते गट वापरतो आहोत, म्हणजे वर्गाचे गट ठरलेल्या वेळानं एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जातात. पट ३२, बाई एक, चार गट, चार कोपरे: बाईंची सतरंजी, गणित साहित्य, जोडीवाचन आणि पाटी. आधी निकाल सांगतो. पद्धत ठेवण्यासारखी आहे, आणि तिची खरी कमाई सतरंजीवर होते. तिथं आठ मुलं पंधरा मिनिटं बाईंसमोर असतात आणि प्रत्येकाचं वाचन वेगळं ऐकता येतं. एरवी ३२ जणांच्या समूहवाचनात न वाचणारं मूल सहज लपतं. बाकीच्या तीन कोपऱ्यांना आम्ही एकच कसोटी लावतो: त्या वेळात मुलं बाईंकडे न येता खरं काम करतात का? जो कोपरा यात नापास होतो तो कितीही देखणा असला तरी काढून टाकावा.

वेळेचा हिशेब सर्वांत जास्त फसतो. दोन तासिका जोडून चारही फेऱ्या एका दिवसात उरकण्याचा मोह होतो, पण सात वर्षांची मुलं तिसऱ्या फेरीत थकतात आणि चौथी नुसती सामान हलवण्यात जाते. रोज दोनच फेऱ्या ठेवाव्यात. ४० मिनिटांत बसायला ३, पहिली फेरी १५, बदलायला २, दुसरी फेरी १५ आणि आवरायला ५.

पुठ्ठ्याचं गोल चक्र भिंतीवर लावून ते फिरवायची पद्धत दिसायला छान, पण आम्ही ती वापरत नाही. चक्रात प्रत्येक गटाला सतरंजी सारखीच मिळते आणि गरज तर सारखी नसते. त्याऐवजी आठवड्याचा तक्ता करावा. सोमवार ते शुक्रवार दहा फेऱ्या होतात. अक्षरं अजून न जुळलेल्या गटाला सतरंजी चार वेळा, बाकीच्या तिघांना दोन-दोन वेळा. मग पहिल्या गटाला उरलेले तीन कोपरे दोन-दोनदा येतात आणि इतर गटांना दोन कोपरे तीनदा, एक दोनदा. सगळं बरोबर बसतं. शनिवार साहित्य तपासायला आणि राहून गेलेल्या मुलांना बसवायला ठेवावा. ज्या दिवशी कच्च्या गटाची सतरंजी असेल त्या दिवशी ती पहिल्या फेरीत द्यावी, म्हणजे दुसऱ्या फेरीत तो नुकत्याच शिकलेल्या गोष्टीचाच सराव करतो. उलटा क्रम दिला तर ही मुलं पंधरा मिनिटं चुकीचंच गिरवून सतरंजीवर येतात.

पातळीनुसार कायमचे गट केले की एका गटात सूचना वाचू शकणारं कुणीच उरत नाही. म्हणून त्या गटाच्या तबकात (कामाचं साहित्य ठेवायच्या थाळीत) लेखी सूचना न देता चित्रं द्यावीत: फासा, काड्या, गठ्ठा, बाण. दर तीन-चार आठवड्यांनी गट मोडून नवे करावेत. नावं पक्ष्यांची असोत की फुलांची, मुलांना कोण कुठं आहे ते कळतंच. गट बदलत राहिले तर ते बोचत नाही.

गणित साहित्याचा कोपरा सर्वांत चांगला चालतो. खेळ साधा आहे: दोन फासे टाकायचे, येतील तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा, जो आधी ५० गाठेल तो जिंकला. साधारण आठ डावांत ५० होतात, म्हणजे फेरीत बरोबर बसतं. एका जोडीला जास्तीत जास्त ११० काड्या लागतात, कारण जिंकणारा ६१पर्यंत जाऊ शकतो आणि हरणारा ४९पर्यंत. चार जोड्यांना ४४०. हरवणाऱ्या धरून ५०० आइस्क्रीमच्या काड्या आणाव्यात. झाडूच्या हिरांची टोकं बोचतात, त्या नकोत. पिवळे रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, शिवाय नेम धरून मारायला कामी येतात. त्याऐवजी केसांना लावायचे कापडी रबर, जोडीमागे दहा. फासे फरशीवर वाजतात आणि शेजारच्या वाचनाची वाट लावतात, तेव्हा तबकात जुन्या चादरीचा तुकडा अंथरावा आणि वाचनाचा कोपरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा.

जोडीवाचनात एक वाचतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो. ऐकणाऱ्याला काम द्यावं लागतं: ओळीखाली बोट धरणं आणि वाचणारा अडला की एक चिंचोका वाटीत टाकणं. पान संपलं की अदलाबदल. बाईंना मग फक्त वाट्या पाहून कुठल्या जोडीला वाचन जड गेलं ते समजतं.

पाटीचा कोपरा अजून पूर्ण जमलेला नाही. काम त्याच वेळी तपासलं जात नाही आणि चूक पक्की होते. तबकात उत्तराचं कार्ड पालथं ठेवल्यानं बरीच मदत होते. इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर सतत गुजराती पाट्या असतात, त्यामुळे शिरोरेघ सुटते. उत्तरकार्डावर ती लाल रंगात ठळक काढावी.

कार्डांबद्दल थोडं. पंखा चालू असला की कागदी कार्डं उडतात आणि पंखा बंद ठेवणं इथं शक्य नाही. लॅमिनेशनला १२५ मायक्रॉनचं पाऊच घ्यावं, ८० मायक्रॉनचं लवकर वाकतं. कापताना कागदाभोवती ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडावं. कागदाला लागून कापलं की कड सुटते आणि ओल आत जाते. कोपरे गोल करावेत. प्रत्येक संचाच्या मागे एक चिन्ह काढावं, म्हणजे जमिनीवर सापडलेलं कार्ड कुठल्या तबकातलं ते पहिलीतलं मूलही सांगू शकतं.

बाकं जड असतील आणि खोली लहान, तर मुलं फिरवू नका, तबकं फिरवा. फक्त सतरंजीवर जाणारा गट उठतो. दोन मिनिटांचा बदल निम्म्यावर येतो. पहिलीत मात्र मुलांनी उठावंच, त्यांना बसून राहणं जमत नाही. खुणेसाठी घंटा नको, शेजारचा वर्ग तास संपला असं समजतो, मंजिरा पुरते. पहिला ठोका: सामान तबकात. दुसरा: उभे राहा. तिसरा: चला.

गुजरातच्या सरकारी शाळांत २०१०पासून आलेल्या प्रज्ञा वर्गांचा (कृती आणि कार्डांतून शिकण्याच्या वर्गांचा) ज्यांना अनुभव आहे त्यांना हे सोपं जातं. तिथल्या मूळ पद्धतीत सहा गट असतात आणि मूल स्वतःचं कार्ड पूर्ण झालं की पुढं सरकतं. त्यामुळे लवकर संपवणारं मूल अडून राहत नाही, हे तिथलं बलस्थान. घड्याळावर चालणाऱ्या फेरीत ते अडतं, म्हणून प्रत्येक तबकात एक जास्तीचं काम हवंच. उलट, आज कुणाला ऐकायचं हे फेरीत बाईंच्या हातात राहतं, आणि कच्च्या वाचकांसाठी आम्हाला तेच मोलाचं वाटतं.

सुरुवात करताना सतरंजी सर्वांत शेवटी आणा. पहिला आठवडा सगळ्या वर्गाला एकच कोपरा, दुसऱ्या आठवड्यात दोन, मग तीन, आणि बाई नुसत्या फिरत राहतात. ‘आधी जोडीदार, मग गट, मग बाई’ हा नियम अंगवळणी पडल्याशिवाय बाईंनी खाली बसू नये. नवरात्रीतल्या झोपाळू सकाळी किंवा उत्तरायणाच्या आसपास पट निम्मा असतो, तेव्हा गट जोडून तीनच करा आणि पाटीचा कोपरा मिटवा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. पट ४५च्या वर गेला तर एका बाईला हे झेपत नाही. तिथं आठवड्यातून दोन दिवस, फक्त वाचनासाठी, एवढंच धरावं.