पंचविशीतल्या मुलासाठी ‘आरोग्य संजीवनी’: दोन वर्षांच्या वापरानंतर

धाकट्या भावाने हिंजवडीतली नोकरी सोडून राज्यसेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत खोली घेतली, तेव्हा कंपनीचा मेडिक्लेम कामाच्या शेवटच्या दिवशीच संपला, हे घरात कोणाच्या लक्षातही आले नाही. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आईवडिलांच्या कौटुंबिक पॉलिसीत मुलांना पंचविशीपर्यंतच जागा असल्यामुळे तोही मार्ग बंद होता. ‘दोन वर्षांत पोस्ट निघेल, तोवर मला काय होणार आहे, ताई?’ हा त्याचा प्रश्न, आणि पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या बहुतेकांचे गणित हेच असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही त्याच्यासाठी पाच लाखांची आरोग्य संजीवनी घेतली. विमा नियामकाने २०२० मध्ये आखून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते. फरक असतो तो हप्त्यात आणि सेवेत. एजंट हातात चाळीस पानांची पुस्तिका ठेवतो तेव्हा हा सारखेपणा दिलासा वाटतो, कारण एकदा अटी समजून घेतल्या की कंपनी बदलली तरी त्या पुन्हा वाचाव्या लागत नाहीत. वार्षिक हप्ता पाच हजारांच्या आत बसला.

अर्ज भरताना वडिलांचा आणि माझा थोडा वाद झाला. भावाला लहानपणी दमा होता. आता वर्षातून एखाद्या वेळी पंप लागतो. ‘अगं, कशाला लिहितेस ते, उगीच हप्ता वाढेल,’ असे वडील म्हणाले, तरी मी ते लिहिले. आधीपासूनच्या आजारासाठी तेव्हा कागदावर ४८ महिन्यांची प्रतीक्षा होती, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही. १ एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आली. माझ्या मते तरुणाने स्वतःची पॉलिसी घेण्याचे सर्वांत मोठे कारण या महिन्यांमध्येच आहे. हर्निया किंवा मूतखड्यासारख्या ठरावीक आजारांनाही दोन वर्षे थांबावे लागते, आणि ही वर्षे धडधाकट असताना निघून गेली तर त्यांचा जाच होत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट झपाट्याने उतरल्या म्हणून मित्रांनी रात्री एक वाजता जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा विचार माझ्या मनात आला होता, पण ती ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालते, आणि हे रुग्णालय त्या यादीत नव्हते. काउंटरवरच्या मुलाने ‘शेअरिंग फुल आहे, सिंगल देऊ का?’ असे विचारले आणि मित्रांनी होकार दिला. त्या एका होकाराची किंमत चार दिवसांनी कळली.

या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या २ टक्के, परंतु दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये अशी मर्यादा आहे. सिंगल खोलीचे भाडे ७,५०० होते. एवढ्यावर थांबते तर रोजचे वरचे अडीच हजार भरून मोकळे झालो असतो. पण खोलीच्या दर्जानुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागते, म्हणजे तिचे दोन तृतीयांशच मान्य होतात. एकूण बिल ७२,४०० रुपयांचे झाले. भाड्याच्या ३०,००० पैकी २०,००० आणि डॉक्टरांच्या फीच्या १८,००० पैकी १२,००० मान्य झाले. औषधे आणि तपासण्यांचे २२,००० पूर्ण धरले गेले. हातमोजे, नोंदणी वगैरेंच्या २,४०० पैकी काहीच मिळाले नाही. उरलेल्या ५४,००० मधून विमेदाराचा सक्तीचा ५ टक्के वाटा वजा होऊन कंपनीने ५१,३०० दिले आणि आम्ही २१,१०० भरले. शेअरिंग खोली मिळाली असती तर पाच-सहा हजारांत निभावले असते.

घरी सोडण्याचा दिवस मात्र संतापजनक होता. डॉक्टरांनी सकाळी दहाला परवानगी दिली, आणि विमा कंपनीची अंतिम मंजुरी संध्याकाळी साडेपाचला आली. नियामकाने त्याच वर्षी घालून दिलेली मर्यादा तीन तासांची आहे. केसपेपरवर ‘बालपणी दमा’ असा शेरा दिसल्यामुळे टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेने, ‘कधीपासून, पॉलिसीपूर्वी कळवले होते का?’ अशी विचारणा केली होती. अर्जाची प्रत फोनमध्ये होती. ती पाठवल्यावर पुढे प्रश्न आला नाही. वडिलांचे ऐकले असते तर त्या एका शेऱ्यावरून कंपनीने माहिती लपवल्याचा मुद्दा काढला असता. आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारण्याला सलग पाच वर्षांनंतरच आळा बसतो, आणि तोही फसवणूक सिद्ध झाली नाही तर.

ज्याच्याकडे कंपनीचा भरभक्कम मेडिक्लेम आहे, ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही आणि लाख-दीड लाख बाजूला आहेत, त्याने या वर्षी स्वतःची पॉलिसी नाही घेतली तर मी त्याला अविचारी म्हणणार नाही. परंतु नोकरी सोडून अभ्यास करणारे, फ्रीलान्स काम करणारे किंवा कंत्राटावर असलेले यांच्यासाठी ती गरजेची आहे, आणि ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांनी आधी आपली ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जाते का, हे पगारपत्रकावर पाहावे. बाळंतपण या पॉलिसीत अजिबात नाही, तेव्हा लग्न ठरलेल्यांनी हिच्यावर विसंबू नये.

ऑक्टोबर २०२५ चे नूतनीकरण जीएसटीविना झाले, कारण त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर उठला. आता खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या, दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीत पोर्ट करायचे, म्हणजे ही पॉलिसी तिकडे हलवायची आहे. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि नवी कंपनी नकारही देऊ शकते; स्वीकारले तर पूर्ण झालेली प्रतीक्षा त्या विमा रकमेपुरती सोबत जाते. तोवर भावाच्या पाकिटात, पॉलिसीच्या कार्डामागे, मी एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: ‘खोली पाच हजारांच्या आतलीच मागणे. नसेल तर शेअरिंग रिकामे होताच हलवण्यासाठी लेखी नोंद करणे.’