मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० : सात महिने वापरल्यावर

गावच्या दूध डेअरीचं संकलन-बिलाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पैसे नावापुरते, फोन मात्र पहाटे पाचला. तिथला सगळा डेटा साठवणारं मायएसक्यूएल ५.७ हे २०१६ पासून बिनबोभाट चालू होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची मुदत संपली, म्हणजे कंपनीच्या दुरुस्त्या बंद, तरी मी हललो नाही. कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, चालतंय ते कशाला ढवळा? मग हार्डडिस्क कुरकुरायला लागली. ती बदलायचीच, तर ८.० पण टाकू, एका खेपेत दोन कामं.

पहिली रात्र थोडक्यात सांगतो. जुनी सेटिंगची फाईल तशीच ठेवली, तर सर्व्हर उठेना. ८.० मधून क्वेरी कॅश (क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, तिचं उत्तर लक्षात ठेवायची सोय) काढूनच टाकलाय, त्याच्या ओळी उडवल्या. मग बिलाचा प्रोग्राम जोडला जाईना, कारण नव्या युजरला पासवर्डची नवी पद्धत लागते आणि आमच्या जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरला (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणारा दुवा) ती कळत नाही. युजर 'नेटिव्ह पासवर्ड' या जुन्या पद्धतीवर आणला. रात्री दोनला घरी.

खरा घोळ दहाव्या दिवशी, बिलं छापल्यावर. सचिवांचा फोन: "अहो, ही बिलं पत्त्यांसारखी कुणी पिसली?"

सभासद क्रमांकाने निघणारी बिलं आता ज्याने पहिल्या दिवशी आधी दूध घातलं त्याच्यापासून सुरू! चारशेच्या वर बिलं, दोन माणसं अख्खी सकाळ हाताने लावत बसली. कारण एवढंच की ५.७ मध्ये ग्रुप बाय केलं (म्हणजे नोंदी सभासदवार एकत्र केल्या) की निकाल त्याच क्रमाने लागून यायचा, ८.० ने ती फुकटची सेवा बंद केली. माझ्या क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावायची सूचना, कधी नव्हतंच. यावर विसंबू नका असं ५.७ च्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय म्हणे. वाचतो कोण?

चूक माझी, कबूल. पण राग याचा की एररसुद्धा येत नाही. 'रँक' नावाचा कॉलम असेल तर ८.० तिथंच अडतो, कारण तो आता राखीव शब्द आहे. अडलं की कळतं तरी. इथं आकडे बरोबर, बेरीज बरोबर, फक्त रांग मोडलेली. मायएसक्यूएल शेल या सोबतच्या टूलमधली अपग्रेडची तपासणी चालवली होती मी, पण ती सर्व्हरमधलं बघते, माझ्या प्रोग्रामच्या पोटातल्या क्वेऱ्या तिला कुठून दिसणार? एकोणीस रिपोर्ट एकेक उघडून ऑर्डर बाय घातलं. दोन रविवार गेले, त्याचे पैसे शून्य.

तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, ५.७ वरच राहा. चौथ्या महिन्यात जीभ चावली. ऑपरेटर पोराने एका सकाळचं सगळं संकलन चुकून उडवलं. ८.० मध्ये बायनरी लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, न सांगता चालू असतो (५.७ मध्ये आपण लावला तरच), हे मी विसरूनच गेलो होतो. रात्रीचा बॅकअप चढवला, लॉगमधून चूक होण्याच्या मिनिटापर्यंतच्या नोंदी पुन्हा चालवल्या, सगळं परत. पाऊण तास. अर्थात हाच लॉग तीस दिवसांचा साठून डिस्क खातो, म्हणून तो दहा दिवसांवर आणलाय.

आता ८.० मधल्या लॅग फंक्शनने (ते आधीच्या ओळीतला आकडा आणून देतं) कालच्या-आजच्या फॅटचा फरकही एका ओळीत निघतो. आधी टेबल स्वतःलाच जोडून जो राडा केला होता, तो पुसताना बरं वाटलं.

८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतच. पुढे ८.४, तिथं नेटिव्ह पासवर्ड आपण चालू केल्याशिवाय बंदच असतो, म्हणजे आधी ड्रायव्हर बदललेला बरा. आणि ५.७ वाल्यांनो, आहे त्या डेटावर थेट ८.४ चढत नाही, मध्ये ८.० ला थांबावंच लागतं. परत जायची वाटही नाही, म्हणून ५.७ चा डंप (सगळ्या डेटाची फाईलमधली प्रत) वेगळ्या डिस्कवर ठेवा.

सचिव अजूनही गठ्ठा हातात आला की वरची पाच बिलं क्रमाने आहेत का ते आधी बघतात.