होबी १६ चा ट्रेलर: बाकी सगळं झकास, पण ते चाकाचं सील!

मे महिन्यात मनसरच्या अलीकडे बोटीच्या ट्रेलरच्या उजव्या चाकातून करकर ऐकू यायला लागली. थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागाला, हात लावला तर चटकाच बसला. टोपी काढली, आतलं ग्रीस पार दुधाळ. पाणी शिरलेलं, बेअरिंग निळं पडलेलं. त्या रागात हे लिहितोय.

बोट होबी १६ आहे, म्हणजे दोन हल (होडीसारखी दोन अंगं) जोडलेली शिडाची बोट: ५.०५ मीटर लांब, २.४१ रुंद, १४५ किलो. ट्रेलर हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. चाकं बारा इंची, हब जुन्या मारुती ८०० चे. ही कल्पना माझी आणि अजूनही पटते. पार्ट कुठल्याही गॅरेजात मिळतो, तोही स्वस्तात. पण सील, म्हणजे हबमध्ये पाणी जाऊ न देणारी रबरी रिंग, त्यानं कुठलं तरी ढिलं ठोकून दिलं.

रामटेकजवळचा खिंडसी तलाव आमच्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. उन्हाळ्यात तिथं पोचेपर्यंत हब तापलेलेच असतात. तसाच ट्रेलर तलावात उतरवला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. फॅब्रिकेटरला फोन केला तर हा म्हणतो, "साहेब, पाण्यात काहून घातला? आता वॉरंटी नाही." अरे भाऊ, बोटीचा ट्रेलर आहे, कांदे वाहायचा नाही! दीडशे रुपयांच्या चांगल्या सीलसाठी पूर्ण हब गेला.

लांब ड्रॉबारवरून, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पाइपवरून, आधी मी त्याच्याशी वाद घातला होता. एवढा पाइप म्हणजे पैसे काढायचा धंदा वाटला, शिवाय मनीषनगरच्या आमच्या गेटमधून वळवायचा कसा? पण आता त्याचीच बाजू घेतो. आखूड ट्रेलर रिव्हर्सला झटकन दुमडतो, हा निवांत मागे जातो. मास्टलाही (शिडाच्या डोलकाठीला) जागा मिळाली. मास्ट आठ मीटरचा, बोटीपेक्षा तीन मीटर जास्त. थोडा ड्रॉबारवर आला, उरलेल्या शेपटाला लाल कापड.

गाडीच्या हुकवर किती वजन येतं ते घरच्या वजनकाट्यावर ड्रॉबारचं टोक ठेवून बघितलं. बोटीसकट साधारण तीनशे किलो, म्हणजे पाच ते दहा टक्क्यांच्या हिशेबानं पंधरा ते तीस किलो हवं. कमी भरलं, म्हणून बोट ट्रेलरवरच्या टेकूच्या गाद्यांवर थोडी पुढे सरकवली. आधी साठच्या वर ट्रेलर शेपूट हलवायचा, ते थांबलं. गाद्याही क्रॉसबारच्या, म्हणजे दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, खालीच ठेवा. तिथं हल भार झेलतो, मधे दबतो.

आता ट्रेलर पाण्यात घालतच नाही. काठावरच बोट उतरवून हातानं ढकलायच्या चाकांवर पाण्यापर्यंत नेतो. पत्नी म्हणते, "मग सीलवरून एवढं भांडण कशाला?" तत्त्वाचा प्रश्न आहे! ग्रीस भरलेला जादा हब प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटखाली असतो. त्याचं बिल फॅब्रिकेटरला पाठवलंय. त्याचे शेवटचे दोन हजार माझ्याकडे बाकी आहेत, ते त्यातूनच वळते होतील.