मॅग्नेटो तोच, बिल मात्र नवं

लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन असलेलं छोटं विमान आम्ही दोघे मित्र भागीदारीत बाळगतो. वार्षिक तपासणीला ते वर्कशॉपमध्ये दिलं आणि थोड्याच दिवसांत फोन आला. "तीन नंबरचं कॉम्प्रेशन 80 ला 52 आलंय. सिलिंडर बदलावा लागेल, आणि एक उघडायचाच तर चारही करून टाका. मॅग्नेटोसुद्धा ओव्हरहॉलला पाठवतो."

80 ला 52 म्हणजे सिलिंडरात 80 पीएसआय दाबाने हवा सोडली, तर आत 52 टिकला, बाकी गळाला. मॅग्नेटो म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारं यंत्र; आमच्या इंजिनावर ते दोन आहेत, डावं आणि उजवं. असा फोन विमान उघडल्यावरच येतो. इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, उतरलेलं, प्लग काढलेले, लॉगबुकं त्यांच्या कपाटात. तपासणीच्या सहीशिवाय उडता येत नाही, आणि दुसरीकडे न्यायचं तर उडवतच न्यावं लागतं, नाहीतर पंख उतरवून ट्रकवर चढवायचं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी विचारलं, इंजिन गरम असताना मोजलंत का? नाही, थंड होतं. थंड इंजिनात पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, आकडा खाली दिसतो. इंजिन चालवून लगेच मोजायला लावलं, तर 80 ला 71! हवा कुठून गळते तेही कान देऊन ऐकायचं असतं: एक्झॉस्टमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून आली तर रिंगा. त्यांच्या रिपोर्टात याचा पत्ताच नव्हता. बरं, विनाकारण सिलिंडर उतरवणं म्हणजे नुसता पैशांचा चुराडा नाही. परत बसवताना नटांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, चुकला तर धडधाकट इंजिन धोक्यात येतं.

सिलिंडर वाचले, पण मॅग्नेटोंवर गंडवलंच. ते 500 तासांनी उघडून तपासायचे असतात, आमचे तिथवर आलेच होते, म्हणून होकार दिला होता. परत आले ते चकचकीत रंगवलेले, बिलात दोन्हींचं पूर्ण ओव्हरहॉल. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीत, एकट्या डाव्या मॅग्नेटोवर घेतलं की आरपीएम मर्यादेपेक्षा जास्त खाली पडायचा. दुसऱ्या मेकॅनिकने तो उघडला: वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जुनेच, खड्डे पडलेले, आत कार्बनची भुकटी. रंग तेवढा नवा.

जाब विचारल्यावर गोष्ट बदलली. "हे तुमचे नाहीतच, तुमच्यांच्या बदल्यात एक्स्चेंजमध्ये दुसरीकडून आलेत. ज्याने पाठवले त्याची चूक." भागीदाराने विमान देण्याआधी प्रत्येक नेमप्लेटचा फोटो काढून ठेवला होता. सिरीयल नंबर आमचेच होते; त्यांनी दाखवलेल्या सर्टिफिकेटवर भलतेच. हे फोटो नसते तर आमच्या हातात काहीच नव्हतं. वर्क ऑर्डरवरही आता लिहून घेतो: लेखी होकाराशिवाय काही उतरवायचं नाही, बदललेला जुना पार्ट परत द्यायचा, लॉगबुकाची फक्त प्रत मिळेल.

मॅग्नेटोचे पैसे बऱ्याच भांडणानंतर परत आले, मजुरीचे नाहीत. नियामकाकडे तक्रार केली आहे. लॉगबुकातली ती खोटी नोंद खोडता येत नाही, म्हणून दुसऱ्या मेकॅनिकने तिच्याखाली स्वतःची नोंद केली: उघडून पाहिलं, काय सापडलं, काय बदललं, आणि दोन्ही सिरीयल नंबर.